‘एवी’तला ‘ई’

आलीच्या घराला तुर्कीत ‘आलीनिन एवी’ म्हणतात. ‘एव’ म्हणजे घर. ‘निन’ आपल्या ‘चा-ची-चे’सारखा, तो आलीला लागतो. पण माझा जीव जडला आहे तो शेवटच्या ‘ई’वर. मराठीत नातं सांगायचा सगळा भार षष्ठीवर. ‘आलीचं’ काढून टाका, मागे नुसतं ‘घर’ उरतं. तुर्कीतला ‘ई’ मात्र घरालाच धरून बसतो. आली वाक्यातून उठून गेला तरी ‘एवी’ म्हणजे त्याचं घर. किंवा तिचं, तुर्कीत लिंगभेद नाही, त्यामुळे धनी पुरुष की बाई हे तो विचारतच नाही.

अंगाने एवढासा, पण शेजार ओळखून वागणारा. ‘कोल’ म्हणजे बाहू. तिथे तो ‘ऊ’ होतो, ‘कोलू’. ‘ग्योझ’ म्हणजे डोळा. त्याच्यासाठी ओठांचा चंबू करून ‘ग्योझ्यू’. शब्दाच्या शेवटी स्वर असला तर आधी ‘स’ घेऊन येतो: ‘आराबा’ म्हणजे मोटार, ‘आराबासी’ त्याची मोटार. चार स्वर, ‘स’सकट आणि ‘स’वाचून, अशी त्याची 8 रूपं. पाण्यापाशी मात्र तो स्वतःचा नियम मोडतो. ‘सू’चं ‘सूसू’ न होता ‘सुयू’ होतं. मिनरल वॉटरच्या बाटलीवर ‘मादेन सुयू’ असं छापलेलं असतं.

पुढे विभक्ती आली की तो मध्ये ‘न’ उभा करतो: ‘एविन्दे’, त्याच्या घरात. ‘तुझ्या घरात’ही ‘एविन्दे’च. कोणाचं घर ते बोलण्याच्या ओघातून कळतं.

‘जवळ असणे’ यासाठी तुर्कीत आपल्यासारखंच वेगळं क्रियापद नाही. ‘पारासी वार’ म्हणजे ‘त्याचा पैसा आहे’. सगळी मालमत्ता याच्याच खांद्यावर!

मालकी नसली तरी दोन नामांची गाठ तोच मारतो. ‘कापाली चार्शी’ म्हणजे झाकलेला बाजार. ‘कापाली’ विशेषण, म्हणून गाठीची गरज नाही. ‘मिसिर’ म्हणजे इजिप्त, ते नाम. म्हणून मसाल्यांचा तो 17व्या शतकातला बाजार ‘मिसिर चार्शीसी’. इस्तंबूलला गेलात तर या दोन्ही पाट्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.