फ्रँकफुर्टची एक रात्र

गेल्या वर्षी मे महिन्यात पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहण्याचा योग आम्हा उभयतांस आला. बेळगावपासून काही कोसांवरच्या खेड्यात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या संसारात असे योग सहसा येत नाहीत. हा आणला आमच्या धाकट्या बंधूने. तो आखातात नोकरीस असून कामानिमित्त त्याचा विमानप्रवास सतत चालू असतो. त्या प्रवासाचे 'मैल' त्याच्या खात्यावर साठले होते; त्यांतून त्याने आमची जाण्यायेण्याची तिकिटे काढून दिली.

हे मैल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. किराणा दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने नेहमीच्या प्रवाशांचे मैल मोजून त्यांना बक्षिसादाखल तिकिटे देण्याची योजना काढली आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. पुढे कंपन्यांनी आपसांत संघ केले. त्यामुळे मैल एका कंपनीचे, तिकीटही तिचेच, पण विमान तिच्या भागीदार कंपनीचे, असेही होऊ लागले. आमचे तिकीट याच जातीचे होते. मैल दिले तरी कर आणि विमानतळाचे शुल्क रोख भरावेच लागते. तरीही आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की हे तिकीट फुकटचे आहे. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो? जे मिळेल ते मुकाट्याने घ्यावे, अशी आमची समजूत होती. तीच आम्हांस जवळजवळ नडली.

लिस्बनविषयी सविस्तर लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. टेकड्यांवर वसलेले, तागुस नदीच्या मुखाशी विसावलेले ते शहर पाहताना डोळे निवतात. पदपथ लहान लहान पांढऱ्या-काळ्या दगडांनी बांधलेले आहेत. जग ज्यांना पादुआचे म्हणते त्या संत अँथनींचा जन्म याच शहरी झाला. त्यांच्या जन्मस्थानी उभारलेले मंदिर तेथील कॅथेड्रलपासून चार पावलांवर आहे. आठ दिवस कसे गेले ते कळले नाही.

परतीचा दिवस गुरुवार होता. शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या पुतणीचे लग्न होते. तिचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, सहा वर्षांपूर्वी निवर्तले. तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेण्याचे काम आमच्याकडे होते. बेत असा, की दुपारी लिस्बनहून निघून फ्रँकफुर्टला विमान बदलायचे, शुक्रवारी सकाळी मुंबई गाठायची आणि त्याच दुपारच्या विमानाने बेळगावी उतरायचे. यांपैकी लिस्बन ते मुंबई हा प्रवास एका तिकिटावर होता. मुंबई–बेळगावचे तिकीट आम्ही वेगळे, रोख पैसे देऊन काढले होते.

लिस्बनच्या विमानतळावरच विघ्न आले. विमानात काही यांत्रिक बिघाड झाला आणि ते दोन तासांहून अधिक उशिरा निघाले. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणे म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणेच होय. लांबच लांब मार्गिका, मध्ये पारपत्राची तपासणी, जमिनीखालून जाणारा बोगदा! आमची सौभाग्यवती हातातील पिशवी सांभाळीत मागून येत होती. धापा टाकीत दारापाशी पोचलो, तो दार बंद झाले होते. मुंबईचे विमान गेले होते.

दुसरे एखादे विमान रात्री असेल, या आशेवर आम्ही होतो. पण त्या विमानतळावर, आसपासच्या वस्तीची झोपमोड होऊ नये म्हणून, २०११ सालच्या ऑक्टोबरपासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात नियोजित उड्डाणांस बंदी आहे. त्या लोकांच्या झोपेचा आम्हांस हेवा वाटला. पण नियम तो नियम.

कंपनीच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या तरुणाने यंत्रात पाहून सांगितले, "हे मैलांचे तिकीट आहे. मैलांची जागा सोमवारच्या विमानात आहे; त्याआधी नाही. वाटल्यास ज्या कंपनीने तिकीट दिले तिला विचारा."

सोमवार! आम्ही "बरे" म्हणून मागे वळलोसुद्धा. फुकटच्या प्रवाशाने आणखी काय बोलावे? तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, "अहो, निदान भाऊजींना तरी विचारा. पोरगी दारात उभी राहील आणि तुम्ही इथे?"

आम्ही बंधूस फोन लावला. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, तुम्ही आधी फुकट हा शब्द मनातून काढा. विमान तुम्ही झोपून चुकवले नाही. त्यांचेच विमान उशिरा आले. प्रवास एका तिकिटावरचा आहे, तेव्हा तुम्हांला मुंबईला पोचवणे हे त्यांचे काम. मैलांची जागा नवे तिकीट काढताना शोधायची असते. विमान चुकल्यावर जी कोणती जागा रिकामी असेल ती मागायची. पुन्हा खिडकीपाशी जा, आणि शांतपणे सांगा."

त्यानेच युरोपीय संघाच्या नियमाची माहिती दिली. २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या त्या नियमात असे स्पष्ट लिहिले आहे, की अगदी मोफत प्रवास करणाऱ्यांस तो लागू नाही. परंतु विमान कंपन्यांच्या मैलांच्या योजनेतून मिळालेल्या तिकिटांस तो लागू आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आमचे तिकीट फुकटचे नव्हतेच. प्रवाशाने आपल्या वाट पाहण्याच्या काळात जेवण, रात्रीचा मुक्काम, तेथवर जाण्यायेण्याची सोय आणि घरी निरोप देण्याची सोय मागावी, हेही त्या नियमात आहे.

आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. या खेपेस खिडकीत एक प्रौढ बाई होत्या. आम्ही आवाज न चढवता, पण मान खाली न घालता सांगितले, "बाई, आपल्या विमानाच्या उशिरामुळे आमचे पुढचे विमान चुकले. शनिवारी दुपारी आमच्या पितृहीन पुतणीचे लग्न आहे. उद्याच्या कोणत्याही विमानात रिकामी जागा असेल तर ती आम्हांस द्यावी." त्यांनी फोन उचलला, कोणाशी तरी जर्मन भाषेत बोलल्या आणि दहा मिनिटांत दुसऱ्या दिवशी दुपारच्या मुंबईच्या विमानात दोन जागा दिल्या. सोबत जेवणाची व हॉटेलची चिठ्ठी दिली. रात्री बारा वाजता आम्ही गरम सूप प्यालो. सामान विमानतळावरच राहिले. त्याच्या पावत्या मात्र आम्ही उशाशी ठेवून झोपलो.

बंधूने आणखी एक गोष्ट बजावली होती. आरक्षण बदलले म्हणजे तिकीट बदलले असे नव्हे. तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीची खूण असतात. तिकीट एका कंपनीचे व विमान दुसऱ्या कंपनीचे असले, की नवे आरक्षण जुन्या तिकिटास जोडायचे कधी कधी राहून जाते. सकाळी लवकर जाऊन आम्ही विचारले, तो खरोखरच तसे झाले होते! नावे यादीत होती, पण तिकीट कालच्याच विमानाचे होते. ती दुरुस्ती होण्यास पाऊण तास लागला. ऐन वेळी गेलो असतो तर पुन्हा दारातूनच परतावे लागले असते.

शनिवारी मध्यरात्रीनंतर मुंबईस उतरलो. आता आमच्याच चुकीचे फळ समोर उभे राहिले. बेळगावचे विमान शुक्रवारीच निघून गेले होते, आणि ते तिकीट वेगळे असल्यामुळे त्या कंपनीशी आमच्या उशिराचा काही संबंध नव्हता. पैसे बुडाले. पहाटे तीन वाजता टॅक्सी केली. पुणे, सातारा, कोल्हापूर करीत सुमारे पाचशे किलोमीटरचा रस्ता कापू लागलो. कऱ्हाडच्या अलीकडे पुतणीचा फोन आला. "काका, घाई करू नका. तुम्ही येईपर्यंत मी देवळाच्या दारातच उभी राहीन."

अडीच वाजता घर गाठले. अंघोळ केली, कोट चढवला. चार वाजता घंटा झाली तेव्हा तिचा हात आमच्या हातात होता. थोरल्या बंधूची आठवण होऊन आमचे पाऊल क्षणभर अडखळले. तिनेच आम्हांस सावरले.

पुढची हकीकत थोडी आहे. शेवटच्या मुक्कामी तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि त्याचे कारण वादळासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे नसेल, तर भरपाई मागता येते. मधले विमान चुकल्यामुळे झालेला उशीरही त्यात धरावा, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१३ साली दिला आहे. आमच्या एवढ्या लांबच्या प्रवासास माणशी सहाशे युरो ही रक्कम नियमात आहे. आम्ही साध्या शब्दांत अर्ज लिहिला, जुन्या-नव्या तिकिटांच्या प्रती जोडल्या. अडीच महिन्यांनी रक्कम बँकेत जमा झाली. मध्ये कोणी दलाल लागला नाही. असे नियम काळाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ते ताजे पाहून घ्यावेत.

वाचकहो, आज आपल्या पुष्कळ घरांतील मुले-मुली परदेशी आहेत आणि त्यांच्या मैलांवर वृद्ध आईबाप प्रवास करू लागले आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच. शक्य तो घरापर्यंतचा सारा प्रवास एका तिकिटावर असावा. ते न जमल्यास वेगळ्या तिकिटापूर्वी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. मधला एखादा टप्पा आपण होऊन सोडू नये, कारण मग पुढचे टप्पे रद्द होतात. जुना बोर्डिंग पास आणि सामानाच्या पावत्या फेकू नयेत. आणि विमान चुकलेच, तर खिडकीपुढे याचकासारखे उभे राहू नये. ज्या मैलांवर आपण प्रवास करतो ते आपल्या मुलांनी घरापासून दूर राहून, रात्रीअपरात्री प्रवास करून मिळवलेले असतात. ती त्यांची कमाई आहे. तिला फुकट म्हणणे आम्ही त्या रात्रीपासून सोडून दिले आहे.