परळ, मुक्काम ४३ दिवस

लोअर परळ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काचेच्या बिल्डिंगा, फिनिक्स, शुक्रवारची पार्टी. पण रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला उतरलात की नावातलं ‘लोअर’ गळून पडतं आणि नुसतं परळ उरतं. स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चालत गेलं की आचार्य दोंदे मार्ग लागतो. इथलं विंडो शॉपिंग वेगळंच! मेडिकल, सर्जिकल, लॅब, पुन्हा मेडिकल. मधे शहाळेवाला, चहाची टपरी आणि एक्स-रेची मोठ्ठाली पाकिटं छातीशी धरून चालणारी माणसं.

हा रस्ता गिरणगावाचं देणं आहे. केईएम १९२६ चं. वाडियांचं प्रसूतिगृहही त्याच वर्षीचं आणि लहान मुलांचं हॉस्पिटल १९२९ चं. गिरणीत राबणाऱ्या बायका आणि त्यांची पोरं डोळ्यांसमोर ठेवून वाडिया बंधूंनी ही हॉस्पिटल्स उभी केली. प्रसूतिगृहाला वडिलांचं नाव, मुलांच्या हॉस्पिटलला आईचं. पुढे १९४१ मध्ये जवळच टाटा मेमोरियल आलं. गिरण्यांची धुराडी थंडावली, तिथे मॉल झाले. हा रस्ता मात्र आपलं काम करतोच आहे.

माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा या भागात ४३ दिवस राहिले. म्हणजे घर कांदिवलीला, दोघांची ऑफिसं लोअर परळला आणि जीव मात्र इथल्या एका एनआयसीयूच्या दाराशी. मुलगी २९ व्या आठवड्यातच आली. वजन १,०८० ग्रॅम. एक लिटर पाण्याच्या भरलेल्या बाटलीपेक्षा जेमतेम जास्त.

आत जायचे नियम कडक. घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर. कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन चढवायचा. आजीनं आणलेला काळा दोरा आत चालत नाही, तो मग आईच्या पर्सला बांधला गेला. बाळाला अजून नाव नाही. वॉर्मरवरच्या कागदावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, बस्स. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या फुप्फुसांत हवेच्या बारीक पिशव्या मिटू न देणारा पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट, पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून नाकाशी सीपॅपची नळी. त्यातून ही बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. मॉनिटर ओरडतो, सिस्टर येऊन तळपायावर हलकेच टिचकी मारते आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सिस्टर पुढच्या वॉर्मरकडे जातात. आई-बाप मात्र पुढचा तासभर त्या आकड्यावरून नजर हलवत नाहीत.

हळूहळू कॅलेंडर बदलतं. सोमवार-मंगळवार कळेनासे होतात, हिशोब ग्रॅममध्ये चालतो. सुरुवातीला वजन उतरतंच, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तरी ९८० हा आकडा ऐकून ती जिन्यात बसून राहिली. दूध दर दोन तासांनी, नळीवाटे, एकेक मिली. सुरुवातीला तिला पुरेसं दूध येत नव्हतं, तेव्हा दुसऱ्या आयांनी दिलेलं, पाश्चराइज केलेलं दूध कामी आलं. मुंबईकरांनी यासाठी कॉलर ताठ करायला हरकत नाही. आशियातली पहिली ह्युमन मिल्क बँक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये इथून थोड्याच अंतरावर, सायन हॉस्पिटलमध्ये सुरू केली.

अकराव्या दिवशी इन्फेक्शन झालं. दूध बंद, अँटिबायोटिक सुरू. त्याच आठवड्यात एका सकाळी शेजारचा वॉर्मर रिकामा दिसला. त्या बाळाची आई रोज जिन्यात हिच्याशेजारी डबा खायची. हिनं काही विचारलं नाही, सिस्टरनंही काही सांगितलं नाही.

आणि नवरा? औषधाची चिठ्ठी, रक्ताची बाटली, बिलाची रांग, टपरीवरचा सहावा चहा. “मी नुसता कुरिअर बॉय झालोय,” असं तो म्हणायचा. एकोणिसाव्या दिवशी सिस्टरनं दारातून हाक मारली, “बाळाचे बाबा कोण? या आत. शर्टाची बटणं काढा.” आणि ती इवलीशी पोर त्याच्या उघड्या छातीवर ठेवली, नळ्यांसकट. तो तासभर जागचा हलला नाही. मॉनिटरवरचे आकडे मात्र स्थिर झाले.

याला म्हणतात कांगारू केअर. हा लाड नव्हे, ट्रीटमेंट आहे. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर ठेवली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच ही पद्धत सुरू केली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही तसाच सल्ला दिला: लगेच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास. म्हणजे दाराबाहेर ताटकळणारे आई-बाप व्हिजिटर नाहीतच, तेही औषध आहेत. आणि बाबाची छातीही चालते!

त्या दिवसापासून त्यानं ऑफिसात हाफ डे मागून घेतला. दुपारी दोनला रूळ ओलांडायचा, हात धुवायचे, बटणं काढायची. त्रेचाळिसाव्या दिवशी वजन १,७४० ग्रॅम भरलं आणि टॅक्सी कांदिवलीकडे निघाली. डोळ्यांची तपासणी, फॉलोअप, रात्री दचकून श्वास बघणं हे सगळं पुढे होतंच.

तुमच्या ओळखीचं कुणी इथे असेल तर...

‘घरी कधी सोडणार?’ हे विचारू नका, ते त्यांनाही माहीत नसतं. ‘आज किती ग्रॅम?’ हे विचारा. गर्दी करून जाऊ नका, सर्दी असेल तर मुळीच नको. गरम डबा न्या, रक्त देता येत असेल तर द्या, फोनचा चार्जर द्या. आणि बाबा एकटाच टपरीवर उभा दिसला, तर त्याच्यासोबत एक कटिंग घ्या. लोअर परळहून हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.