फॉइल नदीच्या दोन तीरांवर

‘कॅथलिक’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! बाप्तिस्मा, मिस्सा, सण, धर्मग्राम एवढे सारे त्यात सामावलेले असते. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आयर्लंड म्हणजे संत पॅट्रिकचे बेट, मिशनऱ्यांचे माहेरघर, असेच चित्र माझ्या मनावर ठसले होते. त्याच बेटाच्या उत्तरेस फॉइल नदीकाठी असे एक शहर आहे, जिथे हा शब्द माणसाची श्रद्धा सांगण्याआधी त्याची गल्ली, त्याची शाळा आणि त्याचा शत्रू कोण ते सांगतो. या शहराला बहुतेक कॅथलिक डेरी म्हणतात. ब्रिटनशी निष्ठा बाळगणारे प्रोटेस्टंट लंडनडेरी म्हणतात. नाव घेतले की पक्ष ठरला!

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि सरहद्द या शहराच्या पाठीशी येऊन थांबली. ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. तेरा जण ठार झाले, चौदावा पुढे दगावला. जखमी तरुणाला वाहून नेणाऱ्यांच्या पुढे रक्ताळलेला रुमाल हलवत, वाकून चालणाऱ्या फादर एडवर्ड डेली यांचे छायाचित्र जगभर गेले. हेच फादर पुढे डेरीचे बिशप झाले. तीस वर्षांच्या या हिंसाचारात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. १९९८ च्या गुड फ्रायडेला करार झाला. पण करारावर सह्या होतात त्या सरकारांच्या आणि पक्षांच्या. विधवेच्या आठवणींवर कोण सही करणार?

येथे मला रंगभूमीचा विचार करावासा वाटतो. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी प्रेक्षकाला खुर्चीतून उठवले. नाटक थांबवायचे, पीडित पात्राची जागा स्वतः घ्यायची आणि प्रसंग वेगळा घडवून पाहायचा, ही त्यांची रीत. बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून तीच रीत गावोगावी नेत आली आहे. सावकार, हुंडा, दारू यांच्याशी झगडताना ती फार उपयोगी आहे. परंतु १९७२ सालच्या त्या रविवारी कोणाला परत जाता येईल? घडून गेलेल्या मरणात प्रेक्षक कोणाची जागा घेणार?

म्हणून डेरीत दुसरी वाट धरली गेली. तेया सेपिनक या अमेरिकन दिग्दर्शिकेने २००९ पासून तेथील ‘प्लेहाउस’ नाट्यगृहात साक्षीचे नाट्यप्रयोग उभे केले. त्यांत व्यावसायिक नट नसतात. दिग्दर्शिका लोकांना भेटते, दीर्घकाळ ऐकते, त्यांच्याच शब्दांतून संहिता बांधते आणि तेच लोक रंगमंचावर स्वतःची कहाणी सांगतात. २०१२ च्या ‘रिलीज’ या प्रयोगात माजी सैनिक, माजी पोलीस आणि तुरुंगवास भोगलेला माणूस एकाच मंचावर उभे होते. प्रयोगानंतर प्रेक्षक त्यांच्याशी बोलतात.

आपल्याकडे उपवासकाळात दुःखसहनाचे नाटक बसवताना यहुदाची भूमिका करायला कोणी पुढे येत नाही, हा अनुभव कोणत्याही धर्मगुरूला विचारा. येथे तर काही जणांना यहुदाची भूमिका स्वतःच्या नावाने करावी लागते! पापनिवेदनाच्या जाळीआड मी अनेक वर्षे बसलो आहे. तेथील अंधार दयाळू असतो. चारशे डोळ्यांसमोर, दिव्यांच्या उजेडात, ज्याचा भाऊ गेला त्याच्या शेजारी उभे राहून बोलणे ही निराळीच गोष्ट. मला त्यातली एक बाब विशेष योग्य वाटते: क्षमेची सक्ती नाही. आम्ही धर्मगुरू कधी कधी क्षमेची घाई करतो. दुखावलेल्याचे बोलणे अर्धे असतानाच ‘विसरून जा, बाळा’ म्हणतो. साक्ष पूर्ण ऐकून घेणे हे स्वतंत्र काम आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये आजही बहुतांश मुले आपापल्या पंथाच्या मुलांबरोबरच शिकतात. मिश्र शाळांत जाणारी मुले शंभरात दहादेखील नाहीत. यात आपल्या कॅथलिक शाळाही आल्या. श्रद्धा जपण्यासाठी त्या उभारल्या, आणि त्यांनी ती जपलीही. पण पलीकडच्या तीरावरचा मुलगा कसा हसतो हे अनेकांना मोठेपणीच कळले. त्या शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत असलेले ‘प्लेहाउस’ नाट्यगृहही एका जुन्या कॉन्व्हेंट शाळेच्या इमारतीत भरते. जिथे एकाच पंथाच्या मुली प्रार्थना म्हणत असतील, तिथे आता दोन्ही तीरांवरची माणसे तिकीट काढून एकमेकांचे ऐकायला बसतात.