हात पसरले म्हणजे वधस्तंभ होत नाही

'मॅन ऑफ स्टील' या २०१३ च्या चित्रपटात क्लार्क, म्हणजेच सुपरमॅन, चर्चमध्ये येतो. सुपरमॅननं स्वतःला स्वाधीन करावं, नाहीतर पृथ्वीची खैर नाही, अशी खलनायक झॉडची धमकी आलेली. तो एका तरुण धर्मगुरूपुढे मनातली घालमेल बोलून दाखवतो. क्लार्कच्या खांद्यामागे रंगीत काचेची खिडकी, आणि तिच्यात गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू. क्लार्कचं वय ३३. पुढे अंतराळयानातून बाहेर पडताना तो दोन्ही हात आडवे पसरून तरंगतो. एकही खूण सुटलेली नाही.

माझ्यासारख्या, संडे स्कूलमध्ये वाढलेल्या माणसाला अशा खुणा दिसल्या की शेजारच्याला कोपरानं ढोसल्याशिवाय राहवत नाही. पण मग मारामारी सुरू होते, मेट्रोपोलिसच्या इमारतींमागून इमारती कोसळतात आणि शेवटी सुपरमॅन झॉडची मान मोडतो. एका कुटुंबाला वाचवण्यासाठी मोडतो, हे मान्य. तरी मला ती खिडकी आठवत राहते. त्याच बागेत, त्याच रात्री पेत्रानं तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला होता. येशूनं त्याला थांबवलं, आणि स्वतःला धरायला आलेल्या टोळीतल्या त्या माणसाचा कान बरा केला. चित्रपटानं खिडकी घेतली, बागेत घडलेलं सोडून दिलं.

(तसा सुपरमॅन मूळचा आमचा नव्हेच. १९३८ साली तो पहिल्यांदा छापून आला, तेव्हा त्याचे जनक होते जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडचे दोन ज्यू तरुण. जीव वाचावा म्हणून आईबापांनी इवल्याशा यानात घालून सोडलेलं ते बाळ पाहिलं की आधी मोशे आठवतो.)

सुपरहीरोंच्या चित्रपटांची खरी अडचण मला वेगळीच वाटते. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूला काय सांगतो? दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील. म्हणजे थोडक्यात, सुपरहीरो हो! येशू नाही म्हणतो. पुढे वधस्तंभाखालून जाणारे-येणारेही तेच डिवचतात: देवाचा पुत्र आहेस ना, मग उतर खाली. तो उतरत नाही. ज्या क्षणी चित्रपटातला नायक हमखास उतरला असता आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं असतं, नेमका तो क्षण शुभवर्तमानात रिकामा आहे. आमचं तारण त्या न उतरण्यात आहे.

म्हणून मला 'स्पायडर-मॅन २' जवळचा वाटतो. २००४ चा, सॅम रेमीचा. भरधाव आगगाडीचा ताबा सुटलेला, पीटर पार्कर तिच्या तोंडाशी उभा, दोन्ही हातांतली जाळी दोन्ही बाजूंच्या इमारतींना चिकटलेली. हात इथेही पसरलेले आहेत, पण कॅमेऱ्यासाठी नव्हे. गाडी थांबवायची तर दुसरा मार्गच नाही. पोशाख फाटतो, गाडी थांबते, पोरगा शुद्ध हरपून पुढे कोसळणार इतक्यात आतून हात येतात आणि त्याला धरतात. प्रवासी त्याला डोक्यांवरून हातोहात मागे नेतात, हळूच खाली ठेवतात. मुखवटा उतरलेला असतो. हा तर माझ्या मुलाएवढा, असं कुणीतरी पुटपुटतं. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस त्याला न्यायला येतो तेव्हा हीच साधी माणसं आडवी उभी राहतात. तो त्यांना एका फटक्यात बाजूला सारतो, हे खरं. पण गेथशेमानेत शिष्य पळून गेले होते, आणि इथे, काही क्षण का होईना, कुणी पळत नाही. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत मला तो डबा आठवतो. पाळकसाहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.

आणि स्टीव्ह रॉजर्स. २०११ च्या 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट ॲव्हेंजर'मध्ये कर्नल शिपायांच्या घोळक्यात एक ग्रेनेड फेकतो. धट्टेकट्टे जवान आडोसा शोधत पळतात आणि हा हडकुळा पोरगा त्यावर पालथा पडतो, हातानं इतरांना दूर जायला सांगतो. ग्रेनेड खोटा असतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. त्याला बलवान करणारं औषध अजून टोचलेलं नाही. ढाल नाही, पोशाख नाही. मित्रांसाठी द्यायला जीव तेवढा आहे.

घरातल्या मुलांना नाताळच्या सुट्टीत एखादा सुपरहीरो दाखवायचा असेल, तर हा दाखवा. तो प्रसंग बराच आधी येतो, तेव्हा पॉपकॉर्न चित्रपट लावण्यापूर्वीच भाजून ठेवा.