प्रियकर की पाळत?

तीन मुलांची आई असलेल्या स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ 2005 साली अमेरिकेत आली आणि व्हँपायर-मालिकेच्या या पहिल्याच कादंबरीवरून वाचकांत दोन तट पडले.

सतरा वर्षांची बेला पावसाळी फोर्क्स गावात वडिलांकडे राहायला येते आणि एडवर्डच्या प्रेमात पडते. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्म 1901 चा! भूक माणसाच्या रक्ताची, तरी जनावरांवर भागवणारा. हा संयमच किशोरींना भावला, कित्येक आयांनाही. समोरच्या घासाला हात न लावणारा प्रियकर कुणाला आवडणार नाही?

इतरांना मात्र वेगळंच खटकलं. बेला झोपली असताना तो तिच्या नकळत खोलीत येऊन तिला न्याहाळतो. व्हँपायरचं सोडा, शेजारच्या मुलानं असं केलं तर? हा सवाल बिनतोड आहे.

बेला सारखी संकटात सापडते नि तो वाचवतो, हीही तक्रार होतीच. मेयरबाईंनी 2015 मध्ये ‘लाइफ अँड डेथ’ लिहून तिला उत्तर दिलं. त्यात मुलगा माणूस, मुलगी व्हँपायर. दुबळेपण माणसाचं, बाईचं नव्हे, हे त्यांना दाखवायचं होतं. पण चोरून खोलीत शिरण्याचं काय, हे विचारणारे अजून विचारताहेत.