हवाच तर आहे!

"डॉक्टर, लागलं काहीच नाही. नुसती हवाच तर होती."

फर्निचरचं काम करणारा एक तरुण माझ्यासमोर बसून हे सांगत होता. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला बारीकसं खरचटलेलं, पण हात मनगटाच्या वरपर्यंत सुजलेला. ताप नाही, लाली नाही, दुखणंही बेताचं. सुजेवर बोट दाबलं तर त्वचेखाली कुरकुर जाणवली. एक्स-रेमध्ये त्वचेखाली हवा दिसली. हातावरचा भुसा उडवायला त्याने कॉम्प्रेसरची गन लावली होती आणि त्या छोट्या जखमेतून हवा आत शिरली होती.

त्याला एक दिवस देखरेखीखाली ठेवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दिलं. आठवड्याभरात हवा शरीरात शोषली गेली.

मित्रांनो, आता माझी कबुली. गाडीच्या टायरसाठी घेतलेला छोटा कॉम्प्रेसर माझ्या घरीही आहे. पार्किंग झाडून झालं की त्याच गनने मी शर्टावरची धूळ उडवत असे. त्या तरुणाला रागावताना मला हे आठवलं आणि मी गप्प झालो.

गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. टाकीवाल्या छोट्या कॉम्प्रेसरमध्ये १०० पीएसआयच्या वर दाब सहज असतो. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी साफसफाईसाठी ही हवा ३० पीएसआयपेक्षा कमी दाबाने, तीही उडणाऱ्या कणांपासून संरक्षण असेल तरच वापरावी, असा नियम आहे. या हवेने उडालेला कण डोळ्यात रुतू शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो. आणि गंमत म्हणून एखाद्याच्या गुदद्वाराजवळ गन धरली, तर कपड्यांवरूनही हवा आत जाऊन आतडं फाटतं. आपल्याकडे अशा 'मस्करीत' माणसं दगावली आहेत.

म्हणून एवढं पाळा:

१. गन स्वतःकडे किंवा कुणाकडेही रोखू नका. अंग आणि कपडे ब्रशने झटका.
२. चष्मा घाला, साधा नव्हे, बाजूने बंद असलेला. आवाज मोठा असेल तर कानात बोळे घाला.
३. टायरवर लिहिलेला कमाल दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे. तो गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर असतो. हवा भरताना टायरसमोर तोंड नेऊ नका.
४. पाइप काढण्याआधी कॉम्प्रेसर बंद करून दाब सोडा.
५. टाकीत पाणी साचतं आणि ती आतून गंजते. काम झाल्यावर खालचा कॉक उघडून पाणी काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका. गंजलेली टाकी वेल्डिंग करून वापरू नका.
६. पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर बंद खोलीत लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
७. मुलांच्या हाती देऊ नका.

डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, रुतलेला कण स्वतः काढू नका. डोळा हलका झाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हवा लागल्यावर सूज, कुरकुर, छातीत किंवा पोटात दुखणं, धाप, आवाजात बदल यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा. जखम किती लहान दिसते यावर जाऊ नका, आणि नेमकं काय घडलं ते लाज न बाळगता सांगा. लाजेपायी गेलेला वेळ जिवावर बेततो.

माझ्या कॉम्प्रेसरशेजारी आता खिळ्याला एक ब्रश टांगलेला आहे. तुम्हीही आजच टांगा.