चौकटीबाहेर राहिलेले

मुळा-मुठा नदी पुणे शहर ओलांडून पूर्वेस मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून वाहते आणि पुढे भीमेला मिळते. मांजरीपासून थोड्या अंतरावर कवडीचा बंधारा आहे. हिवाळ्यात रविवारी सकाळी तेथे मोठ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन हौशी छायाचित्रकार जमतात. चक्रवाक, थापट्या बदके, शेकाटे, शराटी, नदी सुरय असे पक्षी त्यांना सहज टिपता येतात. त्या छायाचित्रांत उन्हाने पाणी सोन्यासारखे झळकते. शहरातून आलेले सांडपाणी, बंधाऱ्याला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि जलपर्णीचे थर मात्र चौकटीबाहेर राहतात.

असे छायाचित्र खोटे नसते. पण ते खतावणीच्या एकाच बाजूसारखे असते. जमा दिसते, नावे दिसत नाही. पाहणाऱ्याचा समज होतो की, एवढे पक्षी आले म्हणजे नदी निर्मळ असणार. वास्तव निराळे आहे. सांडपाण्याच्या गाळात किडे-अळ्या विपुल होतात आणि शेकाट्यासारखे पक्षी त्यांवर पोसले जातात. पक्ष्यांची गर्दी हीसुद्धा कधी कधी नदीच्या दुखण्याची खूण असते.

मांजरीतील एका भुसार व्यापाऱ्याच्या पुतणीने ही दुसरी बाजू टिपण्याचे काम पत्करले. सामाजिक आणि पर्यावरणविषयक संस्थांसाठी ती छायाचित्रे काढते. लग्नकार्यात छायाचित्रे काढली तर चार पैसे मिळतील, नदीची काढून काय मिळणार, असा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न होता. तिने वाद घातला नाही. नदीकाठचा एक दगड निश्चित केला. दर महिन्याला त्याच दगडावर उभे राहून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने ती एक छायाचित्र काढी आणि त्यावर तारीख घाली. पावसाळ्याच्या पुरात जलपर्णी वाहून गेलेली दिसली; पुढे ती हळूहळू पात्र व्यापत गेली. वर्षअखेरीस बारा छायाचित्रे ओळीने मांडली, तेव्हा काका बराच वेळ पाहत राहिले. “हा तर नदीचा ताळेबंद झाला,” एवढेच ते म्हणाले. एकटे छायाचित्र मोहवू शकते. तारखेसह मांडलेली मालिका साक्ष देते, हे व्यापारी मनाला समजावून सांगावे लागले नाही.

खरा मतभेद पुढे झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या महापुराने सांगली-कोल्हापूर भागातील गावे वेढली. समाजबांधवांनी धान्य, चादरी आणि औषधे पाठवली. अहवालपुस्तिकेसाठी छायाचित्रे निवडताना काकांनी एक बाजूला काढले. रांगेतील एक लहान मुलगी धान्याची पिशवी घेत होती. तिचे डोळे भरले होते आणि पिशवीला चार दात्यांचे हात लागलेले होते.

“काका, हे नको छापायला.”

“का गं? देणाऱ्याला पावती लागते. पैसा कुठे गेला, हे लोकांना दिसायला नको का?”

“दिसायला हवं. पण आपल्यावर अशी वेळ आली असती, तर तुम्ही मला त्या रांगेत उभं करून फोटो काढू दिला असता का?”

काका निरुत्तर झाले, तरी त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. ज्या समाजात गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते, तेथेही विश्वस्तांना पै-पैचा जाब द्यावा लागतो. प्रश्न एवढाच होता की, हिशेबाचा पुरावा म्हणून त्या मुलीचा चेहरा वापरण्याचा अधिकार कोणाला आहे?

हा प्रश्न जुना आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ब्रिटिश लष्करातील अधिकारी विलोबी हूपर याने मद्रास इलाख्यात अस्थिपंजर झालेल्या माणसांचे गट बसवून त्यांची छायाचित्रे काढली. ती माणसे कोण होती, हे त्या चित्रांतून आज कळत नाही. उरली आहे ती केवळ त्यांची दैना. उलट २२ ऑगस्ट १९४३ रोजी कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’ दैनिकाने, संपादक इयान स्टीफन्स यांच्या निर्णयाने, बंगालमधील भूकबळींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. जे संकट सरकार दडवू पाहत होते, ते नाकारणे त्यानंतर अवघड झाले. म्हणजे दुःख दाखवणे हाच दोष नव्हे. ते कशासाठी आणि कोणाच्या हितासाठी दाखवले, यावर सारे अवलंबून असते. इथिओपियातील १९८४-८५ च्या दुष्काळात उपाशी बालकांची चित्रे जगभर फिरली. पुढे १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी छायाचित्रांविषयी आचारसंहिताच स्वीकारली. संकटग्रस्त माणूस केवळ असहाय म्हणून रंगवू नये, हा तिचा गाभा होता.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. त्यांचे वाघोलीचे संकुल मांजरीहून नदीपलीकडे, जवळच आहे. त्या वेळी सहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. कोणी नोकरीत असेल, कोणी व्यवसायात, कोणी आई-वडील झाले असतील. छायाचित्रातील मूल मोठे होत नाही; खरे मूल मोठे होते. आपले सर्वांत दुबळे क्षण कोणत्या भिंतीवर टांगावेत, हे ठरवण्याचा हक्क त्याला पुढे कधीतरी हवा असतो.

मग काय टिपावे? मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम आणि जगणे वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छायाचित्रांत घाण लपवलेली नाही. पण ती साफ करणारा माणूसही घाणीत हरवलेला नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही हीच मर्यादा लागू पडते. उडतानाचे चित्र मिळावे म्हणून थव्यावर खडा फेकणे किंवा घरट्याशी जाऊन पिलांचे छायाचित्र घेणे यात जीव धोक्यात येतो. घाबरलेले पक्षी घरटे सोडूनही जातात. ज्याला वाचवण्यासाठी चित्र काढायचे, त्यालाच त्याची किंमत मोजावी लागू नये.

पुतणीने पुन्हा निवड केली. गोदामात तोलली जाणारी पोती, ट्रकवर चढणारा माल, गाळाने भरलेला शाळेचा वर्ग आणि त्याच कोपऱ्यातून टिपलेला स्वच्छ वर्ग, शेजाऱ्यांच्या घरांतील चिखल उपसणारे गावकरी. प्रत्येकाखाली गाव आणि तारीख. काकांनी ती यादी हिशेबाच्या कागदांशी पडताळून पाहिली आणि मान डोलावली. रांगेतील मुलीचे छायाचित्र पुस्तिकेत आले नाही.

एका वृद्ध किराणा दुकानदार बाईंनी मात्र आपले छायाचित्र छापावे, असे स्वतःहून सांगितले. त्यांची अट एकच होती: पिशवी घेतानाचे नको. गाळ काढून, फळ्या धुऊन, पुन्हा उघडलेल्या दुकानाच्या दारात त्या तागडी हाती घेऊन उभ्या राहिल्या. काकांनी तेच मुखपृष्ठावर घेतले.